खलनायकाचे नाव, जुलमाचा शब्द

गावातल्या दांडग्याला लोक 'गब्बर' म्हणतात, कान भरणाऱ्याला 'शकुनीमामा' आणि अधिकाराच्या जोरावर छळणाऱ्याला 'घाशीराम'. अशा वेळी विशेषनाम वृत्तीचे नाव बनते.

नावे कुठून आली?
कंस, रावण, दुर्योधन ही नावे पुराणे आणि महाकाव्यांतून आली. गब्बर 'शोले' (१९७५) मधून आला, मोगॅम्बो 'मिस्टर इंडिया' (१९८७) मधून. घाशीराम हा पेशवाईतला पुण्याचा खरा कोतवाल. १७९१ मध्ये संतप्त जमावाने त्याला ठार केले. मात्र आज बोलण्यात येतो तो मुख्यतः विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकातला घाशीराम.

खलनायक कोण ठरवतो?
कथा सांगणारा. पुराणाने बळीला पाताळात गाडले, तरी दिवाळीत शेतकरी बळीचेच राज्य येवो म्हणतो. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये बळीला न्यायी राजा मानले आणि वामनाला आक्रमक.

महाडने दिलेला अर्थ
परंपरेत मनू हा मानवजातीचा आदिपुरुष आणि पूज्य स्मृतिकार. त्या कथेत तो खलनायक नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ले झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. ज्यांना त्या ग्रंथाने माणूसपण नाकारले होते, त्यांनी मनूची कथा आपल्या बाजूने सांगितली. आज 'मनुवादी' हा शब्द जातीची उतरंड मानणाऱ्यासाठी सर्रास वापरला जातो, त्यामागे हा इतिहास आहे.

दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, अनुमोदन पां. ना. राजभोज यांनी दिले. म्हणजे विरोध विषमतेच्या कायद्याला होता, कोणाच्या जन्माला नव्हता. 'मनुवादी' हा शब्द वापरताना हे भान सुटले, तर तोही जातीवरून दिलेली शिवीच ठरतो.

शब्दाची मर्यादा
महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर आजही त्रास सांगताना माणसे म्हणतात, "तो गावचा गब्बर आहे." ऐकणाऱ्याला सगळे कळते, पण कागदावर काहीच येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली (१९८९) तक्रार देताना कोणी, कधी, कुठे, कोणासमोर, काय म्हटले किंवा केले हे लागते. पाणी अडवले की वाट, जातीवाचक शब्द नेमका कोणता, तिथे कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

टोपणनावामुळे भीती थोडी हलकी होते, माणसे एकत्र येतात. न्याय मागायला मात्र त्या माणसाचे खरे नाव आणि त्याचे कृत्यच सांगावे लागते.