हेसिअड आणि टाकळीचे रामदास

द्वारका म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांपुढे कृष्ण येत नाही, ट्रॅफिक येतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड इथे भिडतात आणि आपण हॉर्न वाजवत बसतो. इथून जवळच टाकळी. नंदिनी (आपली नासर्डी हो!) गोदावरीला मिळते ती जागा. परंपरेनुसार १६२० ते १६३२ ही बारा वर्षं समर्थ रामदास इथे राहिले. बोहल्यावरून पळालेला जांबचा नारायण ठोसर... गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

मला मात्र टाकळीवरून हेसिअड आठवतो. ग्रीक कवी, इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा. गाव अस्क्रा, हिवाळ्यात वाईट आणि उन्हाळ्यात असह्य, असं तो स्वतःच म्हणतो. (आपल्याच गावाला नावं ठेवायची परंपरा बरीच जुनी दिसते.) भाऊ पर्सिस याने लाचखाऊ सरदारांना हाताशी धरून वडिलोपार्जित जमिनीतला जास्त वाटा लाटला, ही त्याची तक्रार. आपण अशा वेळी वकील गाठतो. याने ८२८ ओळींची कविता लिहिली, 'कामे आणि दिवस'.

गंमत म्हणजे भावाला झापता झापता तो त्याला शेती शिकवतो. कृत्तिका पहाटे उगवू लागल्या की कापणी, मावळू लागल्या की नांगरणी. आपल्याकडे मृग-आर्द्रा बघतात ना, तसंच. गाडीचा आस किती लांब हवा, हेही सांगतो. शेजाऱ्याकडून धान्य उसनं घेतलं तर त्याच मापाने परत कर, जमलं तर थोडं जास्तच. नीती आणि सुतारकाम एकाच दमात!

आता दासबोध बघा. २० दशक, २०० समास. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लिहावं कसं यावर आहे. अक्षर वाटोळं, सुटं, ओळी सरळ, पहिल्या अक्षरासारखंच शेवटचं. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी वाचता येणार नाही. आणि कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर वाचेल. मी तर थक्क झालो. आमच्याकडे कोडमध्ये कॉमेंट लिहायला सांगितलं की लोकांना शिक्षा वाटते. गचाळ काम म्हणजे मागून येणाऱ्याची फसवणूक, हे दोघांनाही किती स्वच्छ दिसलं होतं!

एक खटकतं. हेसिअड स्वतः राबणारा शेतकरी. पण घर सोडून गेलेल्या माणसाने आधी प्रपंच नीट करा असं सांगावं? जांबचं घर तर थोरले बंधू गंगाधरपंतांनी सांभाळलं. मला वाटतं उत्तर सालात आहे. १६३०-३२ च्या भयंकर दुष्काळाने दख्खन उजाड झाली होती, नेमके तेव्हा रामदास टाकळीहून बाहेर पडले आणि पुढची बारा वर्षं देशभर फिरले. मोडलेले संसार त्यांनी रस्त्यावर पाहिले असणार. उपाशी माणसाला नुसतं वैराग्य काय सांगणार?

असो. त्यांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकि रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलंय. द्वारकेहून आग्र्याच्या दिशेने सरळ गेलं की धुळं लागतं. सिग्नल सुटला तर!