‘खुला’ गट कुणाचा? बुद्धिबळातले महिलांचे किताब

मंडळी, जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांसमोर बुद्धिबळातल्या महिलांच्या किताबांवर बोलायचं, तर सुरुवात आम्ही ग्रामपंचायतीपासून करतो. 1993 साली 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांसाठी जागा राखून ठेवणं देशभर बंधनकारक झालं. महाराष्ट्रात 2011 पासून त्या निम्म्या झाल्या. उरलेल्या जागा कायद्याने सर्वसाधारण. तिथून बाईनं अर्ज भरला तर कुणी अडवू शकत नाही. पण पारावर त्या जागेला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे: ‘यंदा पुरुषांची सीट आहे.’ कागदावर खुली, बोलण्यात पुरुषांची. बुद्धिबळातलं भांडण नेमकं या शब्दाशी येऊन थांबतं.

भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली बंगळूरला झाली. जिंकली वासंती खाडिलकर. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची मुलगी. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे घराणं. पुढची जवळजवळ दहा वर्षं हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या बहिणींच्या घरातच फिरत राहिलं. रोहिणीनं ते पाच वेळा मिळवलं. पहिल्यांदा 1976 साली, केरळात कोट्टायमला. वय 13.

त्याच वर्षी ही मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी खेळणार? आता बघा, बुद्धिबळात ना धावायचं ना वजन उचलायचं. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरी आणि घड्याळ. तरीही प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, तेव्हाचे अध्यक्ष माक्स ऑयवे. ते स्वतः माजी जगज्जेते. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. रोहिणीनं त्या स्पर्धेत तीन राज्यविजेत्यांना हरवलं.

इथं इतिहासातला एक योगायोग आहे आणि आमच्या मते सगळा विषय त्यात मावतो. ज्या 1976 साली स्त्रियांना अडवता येणार नाही हे ठरलं, त्याच साली फिडेनं ‘महिला ग्रँडमास्टर’ हा नवा किताब सुरू केला. एका हातानं समाईक दाराची कडी काढली आणि दुसऱ्या हातानं शेजारी वेगळं दार बसवलं!

या दाराची उंची किती, ते आकड्यांत पाहू. ग्रँडमास्टरला 2500 रेटिंग आणि नॉर्म लागतात. इंटरनॅशनल मास्टरला 2400. महिला ग्रँडमास्टरला 2300. म्हणजे नावात ग्रँडमास्टर असूनही हा किताब इंटरनॅशनल मास्टरच्या खाली बसतो. महिला इंटरनॅशनल मास्टरला 2200. पेपरात ‘ग्रँडमास्टर’ एवढंच वाचून फेटे बांधणाऱ्यांना हा फरक सांगितला की चेहरे पडतात, आणि ज्या मुलीनं त्यासाठी वर्षानुवर्षं खपून खेळ केला तिलाच ओशाळं वाटतं. हा या किताबाचा खरा दोष.

हंगेरीच्या युडिट पोल्गारनं महिलांचे किताब घेतलेच नाहीत. 1991 साली, 15 वर्षांची असताना, ती ग्रँडमास्टर झाली आणि पुढे जगातल्या पहिल्या दहांत बसली. तिची थोरली बहीण सुझान हिची गोष्ट त्याहून बोलकी. बायका बहुतेक आपसातच खेळतात, त्यामुळे त्यांचं रेटिंग खरं ताकदीपेक्षा कमी दिसतं, असं म्हणून 1986च्या अखेरीस फिडेनं जवळपास सगळ्या खेळाडू स्त्रियांना 100 गुण वाढवून दिले. फक्त सुझानला नाही. का? तर ती पुरुषांशी खेळत होती! जी समाईक दारातून आत गेली तिचाच पहिला नंबर गेला.

एवढं ऐकून कुणीही म्हणेल, मोडा ते वेगळं दार. आम्हीही बराच काळ तसंच म्हणत होतो. पण खाडिलकर प्रकरणाकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकली: रोहिणीनं महिलांची स्पर्धा सोडलेली नव्हती. ती दोन्हीकडे खेळली. 1981 साली हैदराबादला आशियाई महिला विजेती झाली, 12 पैकी साडेअकरा गुण, एकही हार नाही. जयश्री 1979 साली भारतातली पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, 1986 साली त्याच किताबाच्या मानकरी आणि 1987 साली पद्मश्री. देशाला पहिला ग्रँडमास्टर मिळाला तो त्यानंतर, 1988 साली, विश्वनाथन आनंद. वेगळा किताब नसता तर या बायकांची नोंद कुणी, कशाच्या आधारावर घेतली असती?

अगदी अलीकडचं उदाहरण नागपूरचं. दिव्या देशमुख 2021 साली महिला ग्रँडमास्टर झाली, 2023 साली इंटरनॅशनल मास्टर. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत तिनं कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि नियमानुसार थेट ग्रँडमास्टर झाली, पूर्ण, कुठलंही विशेषण न लावलेली. तोवर तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता, म्हणून काहींनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे. समाईक किताबाकडे नेणारी वाट यावेळी वेगळ्या स्पर्धेतून गेली, एवढं मात्र खरं.

म्हणून आमचं मत असं: स्पर्धा वेगळ्या असू द्याव्यात, बक्षिसंही. खालचे महिला-किताबसुद्धा राहू देत, पायरी म्हणून ते उपयोगी पडतात. ‘महिला ग्रँडमास्टर’ हे नाव मात्र बदलावं, कारण ते जे नाही त्याचा भास करून देतं. आणि खुला गट खरोखर खुला आहे का, ते तपासत राहावं.

तपासायला लांब जायला नको. शालेय बुद्धिबळ स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या बाजूला राहणारी एखादी पोरगी घोडेगावला तालुक्याला खेळते, मुलींत पहिली येते, बाईंबरोबर एसटीनं पुण्याला जिल्ह्याला जाते. मुलींचा गट नसता तर ती घोडेगावलाही आली नसती, हे आम्ही पैजेवर सांगतो. पण त्याच दिवशी शेजारच्या वर्गात मुलांचे डाव चाललेले असतात, आणि तिथल्या पहिल्या आलेल्या पोराशी तिचा एकही डाव होत नाही. दोघांची बक्षिसं वाटून झाली की पट गुंडाळतात.