गुलबर्ग्याची शाळा

१४. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पंडिता रमाबाईंनी १९१२च्या सुमारास तिथे ख्रिस्ती शाळा काढून कन्या मनोरमाबाईंकडे सोपवली. मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या, अवघ्या चाळिशीत. ‘एवढी प्रार्थना करूनही?’ हा मजकुरातला प्रश्न त्या संदर्भातला आहे. ख्रिस्ती विचारात प्रार्थना म्हणजे नवस नव्हे. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले, निर्णय मात्र पित्यावर सोडला. प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणे केले. काटा तसाच राहिला. दुःख ही पापाचीच शिक्षा, हे ईयोबाच्या मित्रांचे म्हणणे तर देवानेच खोडले. रमाबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. १८७०च्या दशकातील दुष्काळात, व्रतवैकल्ये करूनही, आईवडील आणि बहीण त्यांच्यासमोर गेली होती. त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेला भाबडी म्हणणे प्रस्तुत संपादकाला पटत नाही. मनोरमाबाईंनंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या निधनापर्यंत सोडले नाही. – संपा.