इंडोनेशियातील मदरसा इब्तिदाइया : गुणवत्तेची किल्ली मुख्याध्यापकांच्या हाती

इंडोनेशियात सर्वसाधारण प्राथमिक शाळांच्या जोडीने 'मदरसा इब्तिदाइया' या इस्लामी प्राथमिक शाळा चालतात. पहिली ते सहावीपर्यंतच्या या शाळा धार्मिक व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गणित, विज्ञान आणि इंडोनेशियन भाषेबरोबरच कुराण व हदीस, फिकह, इस्लामी संस्कृतीचा इतिहास आणि अरबी हे विषय येथे शिकविले जातात.

१९७५ मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने मदरशांच्या प्रमाणपत्रांना इतर शाळांच्या प्रमाणपत्रांइतकेच मूल्य देण्यात आले. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने ही समानता अधिक भक्कम केली. मात्र कायद्याने दिलेला दर्जा प्रत्यक्ष वर्गात उतरविणे अवघड ठरले. यातील बहुसंख्य शाळा खासगी असून स्थानिक संस्था त्या चालवितात. अनेक शिक्षक सरकारी सेवेत नसल्याने तुटपुंज्या मानधनावर काम करतात. अशा स्थितीत मुख्याध्यापकांची जबाबदारी वाढते.

शाळा व मदरशांच्या मुख्याध्यापकांसाठी २००७ मध्ये व्यक्तिमत्त्व, व्यवस्थापन, उद्यमशीलता, पर्यवेक्षण आणि सामाजिक संपर्क या पाच क्षमता निश्चित करण्यात आल्या. येथे उद्यमशीलता म्हणजे नफा कमावणे नव्हे, तर शाळेच्या विकासासाठी नवे मार्ग व साधने शोधणे होय.

यांपैकी पर्यवेक्षणाचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. मुख्याध्यापक वर्गात बसून पाठ पाहतात, नंतर शिक्षकाशी त्यावर चर्चा करतात आणि सुधारणा झाली का, हे पुन्हा तपासतात. दोष काढण्यापुरतीच पाहणी केली, तर शिक्षक अडचणी लपवू लागतात. विश्वासाचे वातावरण असेल, तर ते स्वतःहून मार्गदर्शन मागतात.

२००५ पासून शाळांना परिचालन अनुदान मिळू लागले. त्यामुळे निधीचा आधार मिळाला, तसेच हिशेब आणि अहवालांचे कामही वाढले. लहान मदरशांत लिपिक नसल्यास हा भार मुख्याध्यापकांवरच पडतो आणि वर्गपाहणी मागे राहते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पात शाळेने आधी स्वयंमूल्यमापन करावे व त्यानुसार अंदाजपत्रक आखावे, यावर भर देण्यात आला. वाचनात मुले मागे असतील, तर निधी रंगरंगोटीऐवजी पुस्तकांसाठी व शिक्षक प्रशिक्षणासाठी वळविणे, हा या पद्धतीचा अर्थ आहे.

सहावीनंतर विद्यार्थी मदरशात जावो वा इतर शाळेत, पुढील अभ्यास त्याला पेलेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा निर्णयांवर अवलंबून असते.