आधी पाट्या वाचा
फलटणच्या रस्त्याचा जुना फोटो दिसला, की आपण त्याला लगेच ‘संस्थानकाळातला’ म्हणून मोकळे होतो. संस्थान १९४८ साली विलीन झाले. म्हणून आधी दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. ‘जिल्हा उत्तर सातारा’ हे नाव १९४९ ते १९६० एवढेच चालले. भावफलकावर ‘नवे पैसे’ दिसले, तर फोटो १ एप्रिल १९५७ नंतरचाच. पाट्या मात्र वर्षानुवर्षे उतरवल्या जात नाहीत, त्यामुळे १९६० ही शेवटची हद्द धरू नये. जागेसाठी मिनार, कळस, वाड्याचा कोपरा पाहावा. आपल्या मोहल्ल्यांच्या बखरी कुणी लिहिल्या नाहीत. पेटीतले फोटो हेच आपले दस्तऐवज. त्यांच्यामागे चुकीचे साल लिहिले, तर नातवंडे तेच खरे मानतील.