जुन्नरच्या पावसात एक परदेशी

माझं आजोळ जुन्नरचं. त्यामुळे जुन्नरचा पाऊस मला कुणी सांगायला नको. एकदा लागला की शिवनेरी दिवसच्या दिवस ढगात गडप, गल्लीत घोटाघोटा चिखल आणि घरभर चुलीच्या उबेला टांगलेले ओले कपडे. नानी म्हणायची, पावसात दाराशी आलेल्याला 'कोण' म्हणून विचारू नये, आधी आत घ्यावं. चौकशी अंग पुसून झाल्यावर करावी.

याच गावात, अशाच पावसात, साडेपाचशे वर्षांपूर्वी एक रशियन माणूस अडकून पडला होता. अफनासी निकितिन त्याचं नाव. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षं, १४७० च्या आसपास, हा गृहस्थ चौलच्या बंदरात उतरून घाट चढून जुन्नरला आला होता. ना कुठल्या राजाचा वकील, ना धर्मोपदेशक. खांद्यावर स्वतःचं बिऱ्हाड घेतलेला साधा माणूस.

मंडळी, मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि पुढचं आयुष्य कविता करण्यात गेलं. निकितिन मला प्रथम भेटला तो सिनेमात. ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपट केला होता. त्यात नर्गिस आहे, बलराज साहनी आहेत. माझ्या लहानपणी तो टीव्हीवर लागला होता आणि त्यातलं मला फारसं काही कळलं नव्हतं. पुढे रशियन पुस्तकांच्या एका प्रदर्शनात निकितिनच्या वहीचं इंग्रजी भाषांतर हाती आलं. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' असं तिचं नाव. वही लहानशीच. पण जुन्नरचं नाव दिसलं आणि मी उभ्याउभ्या वाचत राहिलो.

हा माणूस निघाला होता हिंदुस्थानला नव्हेच. त्याला कॅस्पियन समुद्राकाठच्या शिरवानपर्यंत जायचं होतं. शिरवानच्या शहाचा वकील हसनबेग रशियाच्या राजाकडून नव्वद शिकारी ससाणे भेट घेऊन परत चालला होता, त्याच्या सोबतीनं दोन गलबतं निघाली. सोबत बडी, म्हणजे वाट सुरक्षित, असा हिशेब. आस्त्राखानजवळ चांदण्या रात्री तातारांनी गाठलं. निकितिनचा माल होता ते धाकटं गलबत मासे धरायच्या बांधात अडकलं आणि लुटलं गेलं. थोरलं नदीच्या मुखाशी रुतलं, तेही लुटलं. उरलेले लोक कसेबसे समुद्रात शिरले तर वादळ झालं, एक गलबत किनाऱ्यावर आपटून फुटलं आणि त्यातली माणसं तिथल्या डोंगरी लोकांनी धरून नेली.

इथे त्याच्या गोष्टीत पहिल्यांदा परका माणूस धावून येतो. दरबंदला पोचल्यावर निकितिननं हसनबेगाचे पाय धरले. हसनबेगानं खटपट केली, शहापर्यंत निरोप गेला, शहानं आपल्या मेव्हण्याला, म्हणजे त्या डोंगरी लोकांच्याच सरदाराला, सांगून पाठवलं आणि धरलेली माणसं सुटली. मात्र घरी परतायला वाटखर्ची द्या म्हटल्यावर शहानं हात वर केले. तुम्ही फार जण आहात, म्हणाला. मग ती माणसं रडली आणि पांगली. गावी ज्यांचं काही होतं ते गावी गेले, गावी ज्यांचं कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिननं माल उधारीवर आणला असावा, असं पुष्कळांना वाटतं. तो गावी गेला नाही. बाकू, मग इराण आडवा तुडवत होर्मुझ, होर्मुझहून मस्कत, मस्कतहून समुद्रमार्गे गुजरात, खंबायत आणि शेवटी चौल. कर्जाची भीती माणसाला किती लांब नेते बघा.

चौलला माणसांची झुंबड त्याच्यामागे लागली, गोरा माणूस बघायला. त्यानं बरोबर एक घोडा आणला होता. शंभर रुबल त्याच्यावर घातले होते. दख्खनमध्ये घोडे पैदा होत नाहीत, बाहेरून येतात आणि सोन्याच्या मोलानं विकले जातात, हे त्यानं ऐकलं होतं आणि ते खरंही होतं. बहामनी आणि विजयनगर या दोन्ही राज्यांचं घोडदळ अरबी आणि इराणी घोड्यांवर चालत असे. त्या एका जनावरात या माणसाची सगळी पुंजी होती. पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला आला आणि पाऊस सुरू झाला.

पावसाचं त्याचं वर्णन माझ्या नानीनं केल्यासारखं आहे. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. घोड्यांना इथे हरभरा चारतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात. परक्या माणसाला उतरायला जागा असते, तिथल्या बायका रांधून देतात, अंथरूण घालून देतात. गाव कातळावर आहे, वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, असंही तो लिहितो. हे वर्णन शिवनेरीचं असणार. मी ती वाट चढलो आहे.

जुन्नरला तेव्हा असदखान नावाचा अंमलदार होता. बहामनी सुलतानाचा वजीर महमूद गावान याच्या हाताखालचा. या खानानं निकितिनचा घोडा काढून घेतला. मग त्याला कळलं की हा मुसलमान नाही, रशियाचा ख्रिस्ती आहे. तेव्हा त्यानं सौदा मांडला. आमचा धर्म घे, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही घेतलास, तर घोडाही गेला आणि तुझ्या डोक्यामागे हजार मोहरा वसूल करीन. चार दिवसांची मुदत दिली.

हे चार दिवस त्यानं कसे काढले ते वहीत नाही. परका मुलूख, भाषा मोडकीतोडकी, पावसानं वाटा बंद, जवळ पै नाही. मुदत संपायची तो दिवस नेमका त्याच्या धर्मातल्या एका मोठ्या सणाचा होता. आदल्या दिवशी खुरासानचा एक इसम जुन्नरला आला. खोजा महंमद. खजिनदार होता म्हणतात. निकितिननं त्याच्यापुढे गाऱ्हाणं घातलं. तो घोड्यावर बसून गडावर खानाकडे गेला, रदबदली केली, धर्म बदलण्याची अट रद्द करून घेतली आणि निकितिनचा घोडाही सोडवून आणला.

एवढंच. तीन-चार ओळी. निकितिन याला देवाचा चमत्कार म्हणतो. खोजा महंमद त्यानंतर त्या वहीत पुन्हा येत नाही.

शाळेत आम्हाला इतिहास होता तेव्हा वर्गात काही प्रसंग आले की दोन-चार माना माझ्याकडे वळायच्या. दुष्टपणानं नव्हे, सवयीनं. तेव्हा निकितिन अभ्यासाला असता तर असदखानाच्या ओळीला त्या माना वळल्या असत्या. खोजा महंमदाच्या ओळीला वळल्या असत्या का, मला ठाऊक नाही. कारण ती ओळ सहज नजरेतून सुटते. सक्ती करणारा आणि सोडवणारा, दोघं एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे. एकाला माझा म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, अशी सोय मला नाही. दोघंही माझ्या आजोळचे.

आणि निकितिननं तरी कुठे सगळं गोड लिहिलंय! त्याच पानांवर तो मुसलमान व्यापाऱ्यांना शिवी हासडतो. हिंदुस्थानात आमच्या देशाच्या कामाचा माल भरपूर आहे असं सांगून मला फसवलं म्हणतो, इथे मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे. पुढे तर आपल्या देशबांधवांना सल्लाच देतो की इकडे यायचं तर धर्म घरी ठेवून या. पहिल्या वाचनात मला राग आला. जीव वाचवला कुणी आणि शिव्या कुणाला! मग लक्षात आलं की ही प्रकाशनासाठी लिहिलेली वही नाही. दमलेला माणूस रात्री दिव्याजवळ बसून जे मनात येईल ते लिहितो आहे. उपकार आणि वैताग शेजारी शेजारी.

ऑगस्टच्या मध्यावर घोडा घेऊन तो बिदरला निघाला. घोडा विकला जाईपर्यंत नाताळ आला. वर्षभर त्याला चारण्यातच बराच पैसा गेला होता. या काळात तो एक वेगळं नाव लावून वावरत होता, खोजा युसुफ खुरासानी. खुरासानीच का? दुसरा कुठलाही मुलूख चालला असता. सोडवणारा माणूस खुरासानचा होता म्हणून तर नव्हे? हा इतिहासकाराचा नव्हे, कवीचा तर्क आहे, तसाच घ्यावा.

बिदरमध्ये त्याची हिंदूंशी ओळख झाली. त्यांना त्यानं खरं सांगून टाकलं, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. त्यानंतर त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही, ना जेवणखाण, ना व्यापार, ना देवपूजा. आपल्याबरोबर त्याला श्रीशैलच्या यात्रेला नेलं. जेरुसलेम नि मक्का यांच्या तोलाचं ते क्षेत्र आहे, असं त्यानं लिहून ठेवलं.

नाव बदलण्याचं मला नवल वाटलं नाही. नव्वदच्या सुमारास पुण्यात शिकत असताना मीही ते केलं आहे. दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' होती. तिसऱ्या ठिकाणी, एका जुन्या वाड्यात, मी माझं कवितेचं टोपणनाव सांगितलं. त्यावरून जातधर्म काही कळत नाही. घरमालकीण एकट्या राहणाऱ्या आजी. चार महिने निभावलं. मग अब्बांनी विसरून पाकिटावर माझं पुरं नाव घालून पत्र पाठवलं. संध्याकाळी आजींनी ते माझ्या हातात दिलं. "हे तुझंच ना रे? भिजत होतं, म्हणून आत ठेवलं." मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारू लागल्या, ज चा उच्चार आपल्या पद्धतीनं करत. त्यावर आमचं बोलणं कधीच झालं नाही.

बिदरमध्ये मलिक नावाचा एक मुसलमान निकितिनला धर्म बदलण्याचा फार आग्रह करी. हा त्याला म्हणे, तुम्ही तुमचा नमाज पढा, मी माझा पढतो. तेव्हा मलिक म्हणाला, तू मुसलमान तर दिसत नाहीस, पण तुला तुझा ख्रिस्ती धर्मही माहीत नाही. हे बोलणं त्याला लागलं. कारण त्याची धर्मपुस्तकं आस्त्राखानजवळच लुटली गेली होती. ईस्टर कधी, उपवास कधी, काही कळेना. मग तो पहाटे कृत्तिका आणि सप्तर्षी बघून सणाचा अंदाज बांधी. एक उपवास त्यानं रमजानच्या चंद्रावर, मुसलमानांच्या बरोबरीनं धरला. वहीच्या शेवटच्या पानांवरची प्रार्थना रशियन लिपीत आहे, पण शब्द अरबी-फारसी, अल्लाहच्या नावांचे. तो शेवटी मुसलमान झाला की ख्रिस्तीच राहिला, यावर विद्वानांचा वाद आहे. मला त्या वादात रस नाही. इतकी वर्षं ज्या भाषेत भाकरी मागितली, त्याच भाषेत देवाला हाक मारली गेली असेल.

परतीसाठी तो दाभोळला गलबतात बसला, होर्मुझपर्यंत दोन मोहरा भाडं देऊन. वाऱ्यानं गलबत हबशांच्या किनाऱ्याला नेऊन टाकलं. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी देऊन सुटका झाली. मग पुन्हा इराण चढून काळ्या समुद्रावरच्या त्राबझोनला. तिथल्या अधिकाऱ्यांना हेर वाटला, म्हणून त्याचं बोचकं उचकटून चांगलं ते सगळं काढून घेतलं. समुद्रापलीकडे काफाला जायला एक मोहर भाडं ठरलं, आणि आणखी एक उधार, पलीकडे पोचल्यावर द्यायची. त्याच्याजवळ काय शिल्लक होतं हे ठाऊक असूनही त्या नावाड्यानं त्याला बसवून घेतलं. कदाचित ठाऊक होतं म्हणूनही.

त्वेरला तो पोचला नाही. घर टप्प्यात आलं असताना स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. आज त्वेरमध्ये व्होल्गाकाठी त्याचा १९५५ साली उभारलेला पुतळा आहे, आणि आपल्याकडे चौलजवळ रेवदंड्याला एक स्मारक आहे. जुन्नरला काही नाही.

वही मात्र पोचली. काही व्यापाऱ्यांनी ती सांभाळून मॉस्कोला नेली, राजाच्या एका कारभाऱ्याच्या हाती दिली आणि १४७५ साली ती बखरीत उतरवली गेली. पुढे ती विसरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन नावाच्या रशियन इतिहासकाराला ती मठातल्या ग्रंथसंग्रहात पुन्हा सापडली. मेलेल्या कफल्लक माणसाच्या सामानातून ती कागदांची चळत उचलणारे आणि चिखलातून, बर्फातून कोरडी नेणारे ते व्यापारी कोण होते? त्यांची नावं वहीत नाहीत. असणार तरी कशी, लिहिणारा आधीच गेलेला.