दोन शब्दांचा माग

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीत अब्राहम लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे बोलले. आधीचे वक्ते एडवर्ड एव्हरेट यांनी दोन तास घेतले होते. युद्धात पडलेल्यांना प्राचीन अथेन्स कसा निरोप देई, इथून त्यांनी सुरुवात केली होती. ते भाषण आज अभ्यासकांशिवाय कोणी वाचत नाही. लिंकनच्या भाषणाच्या मात्र त्यांच्याच हस्ताक्षरातील पाच प्रती उरल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. मग त्या दिवशी श्रोत्यांनी ऐकले काय?

दोनच शब्दांचा माग काढू. शेवटच्या वाक्यात, राष्ट्राच्या नव्या जन्माविषयी बोलताना, 'अंडर गॉड' हे शब्द येतात. एव्हरेट, बॅनक्रॉफ्ट आणि ब्लिस या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन प्रतींत ते आहेत. पण त्या १८६४ मध्ये, मागणीवरून लिहिलेल्या. त्यांची साक्ष उशिराची. लिंकनचे दोन चिटणीस, निकोले आणि हे (Hay), यांच्याकडे राहिलेल्या आधीच्या दोन प्रतींत ते नाहीत.

निकोले प्रत पाहण्याजोगी आहे. पहिले पान राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या छापील कागदावर, शाईने. दुसरे वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने. पहिल्या पानाच्या तळाशी शाईचे शब्द खोडून पेन्सिलीने दुसरे घातले आहेत, तेव्हा कुठे वाक्य पुढच्या पानाला जुळते. आगगाडीत पाकिटाच्या पाठीवर भाषण खरडल्याची गोष्ट या नीटस शाईपुढे टिकत नाही. व्यासपीठावर हाच कागद होता, असे निकोले यांनी १८९४ साली लिहिले. घड्यांच्या खुणा त्याला पुष्टी देतात. पण मध्ये एकतीस वर्षे गेली होती.

उलट बाजूला वृत्तपत्रे आहेत. असोसिएटेड प्रेसच्या वृत्तात ते दोन शब्द आहेत. बॉस्टनच्या चार्ल्स हेल यांनी स्वतः टिपून घेतलेल्या मजकुरातही आहेत. दोन स्वतंत्र कानांनी तीच चूक करावी, हे मला पटत नाही. शब्द उच्चारले गेले, हे जवळपास निश्चित. ते उभ्या-उभ्या सुचले, हा तर्क. हातात आज हरवलेला तिसराच कागद होता, हाही तर्कच. मी पहिल्याकडे झुकतो.

वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकाच्या भिंतीवर कोरलेला मजकूर ब्लिस प्रतीचा आहे. पाचांपैकी लिंकनची सही असलेली ती एकच. भाषणानंतर काही महिन्यांनी लिहिलेली.